पावाच्या पोटातली भिंत

धाकटीच्या भिंतीत दोष नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. ज्यांनी ज्यांनी ती भिंत ढासळताना पाहिली, त्यांनी घरी जाऊन उलटंच सांगितलं. उलटं सांगणारे पुष्कळ आहेत, मी एकटी आहे.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आज अडुसष्ट पूर्ण. चौपन्न वर्षं ती प्लास्टरचं काम करते. जुन्या थिएटरांच्या छतावर दिव्यांभोवती फुलं असत, कडेकडेने वेलीच्या पट्ट्या फिरत, ते काम. आम्ही दोघी एकाच नन्सच्या शाळेत गेलो. मी वळणदार अक्षर घेऊन बाहेर पडले, ती परांचीवरून बाहेर पडली. शाळेच्या मोठ्या सभागृहाचं छत दुरुस्त होत होतं. गणिताच्या तासाला एक मुलगी कमी भरली. सिस्टर शोधत गेल्या तर ही परांचीवर, कोपरापर्यंत हात घमेल्यात, आणि शेजारी म्हातारा वस्ताद तिला थापी कशी धरायची ते दाखवतोय. घरी चिठ्ठी आली. बाबांनी विचारलं, "शाळेत हेच शिकलीस का?" ती म्हणाली, "बाबा, ते आठ मिनिटांत घट्ट होतं. काय करायचं ते त्याच्या आत ठरवायचं." बाबांनी कानाखाली वाजवली. पुढच्या वर्षी ती गणितात नापास झाली आणि वस्तादाकडे जायला लागली ती कायमची. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर अजून सांगते, "बघायला आले होते, पण आठ मिनिटांत ठरलं नाही."

माझे यजमान गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती माझ्याकडे राहते.

हल्ली छतांना तयार पत्रे स्क्रूने बसवतात. तिच्या वाट्याला उरली ती जुन्याची डागडुजी. तीही मिळते ती एकाच कारणाने: साइटवरचे मुकादम एकमेकांना सांगतात की मावशीचं काम सरळ आहे की नाही ते ओळंबा लावून बघावं लागत नाही. तिच्याकडे कार्ड नाही, जाहिरात नाही. हे तोंडी नाव आहे, बस्स. ते गेलं की ती आणि तिच्या हाताखालच्या दोघी, एक सासू आणि तिची सून, तिघी घरी बसणार. बाकी तिचं काही पणाला लागलेलं नव्हतं, पण हे लागलं.

सात जानेवारीला सकाळी दहा वाजता एक डिझायनर आमच्या दारात आला. तिशीचा असेल. पांढरे बूट, इतके पांढरे की ते कधी साइटवर गेले नसावेत अशी शंका मला तेव्हाच आली होती. हातात कागदी पिशवी, पिशवीत गरम पाव. चहाच्या आधीच त्याने तो पाव माझ्या टेबलावर मधोमध फाडला आणि म्हणाला, "मावशी, मला ही भिंत पाहिजे."

"कुठली?" धाकटीने विचारलं.

"ही. आतली. बाहेर खरपूस, आत मऊ, भोकाभोकांची. माणूस दुकानात शिरला की त्याला पावाच्या पोटात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे."

"पावाचं दुकान आहे?" मी विचारलं.

"चादरींचं. चादरी, उशा, अभ्रे."

"मग चादरी विकायला पाव कशाला?"

त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की तो पाव त्याच्या तोंडात कोंबावासा वाटला. "आजी, हल्ली वस्तू कुणी विकत नाही. अनुभव विकतात. ऊब, मऊपणा, घर. हे सगळं पावात आहे की नाही?"

मला आजी, तिला मावशी. सहा वर्षांत एवढा फरक पडतो.

पण धाकटी ऐकतच नव्हती. तिने पावाचा तुकडा उचलला होता, अंगठ्याने दाबत होती आणि तो परत कसा वर येतो ते बघत होती. दाबते, सोडते, बघते. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते तिच्या साठीनंतर पाहिलं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. ती माझी चूक.

पुढचे सहा आठवडे माझं स्वयंपाकघर माझं नव्हतं. माझ्या नोंदीत एकेचाळीस प्रयोग आहेत. पहिल्यांदा तिने ओल्या प्लास्टरमध्ये जाडं मीठ घातलं आणि सुकल्यावर पाण्याने धुऊन काढलं. भोकं पडली, पण सगळी सारखी. "देवी आल्यासारखी दिसते भिंत," सासू म्हणाली. सून म्हणाली, "तुम्हाला काय आवडतं कधी?" मग स्पंजाचे ठसे झाले, थर्माकोलचे दाणे झाले. रोज नवा पाव आणायचा, कापायचा, भिंगाखाली धरायचा. उरलेला आम्ही चौघी खायचो. त्या सहा आठवड्यांत माझं वजन दोन किलोने वाढलं.

एकोणिसाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पावातली भोकं गोल नसतात. उभी असतात, वरच्या बाजूला ताणलेली, कारण कणीक साच्यात वर चढत असते. "ताई," ती म्हणाली, "हे खोदून व्हायचं नाही. हे फुगवावं लागेल."

आणि तिने प्लास्टर फुगवलं. खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व, थंड पाणी, उंच अरुंद डबा. मिश्रण ओतलं की ते डब्यात वर चढायचं, अगदी पावासारखं, आणि चढता चढताच घट्ट व्हायचं. पहिला डबा उतू गेला, दुसरा मध्येच बसला. तिसऱ्यातून जी वीट निघाली ती तिने करवतीने उभी कापली. आत पाव होता. पांढरा, हलका, ताणलेल्या भोकांचा, कडेला दाट आणि मध्ये सैल. सासूने खरोखर नाकाला लावून हुंगला. सुनेने टाळ्या वाजवल्या. धाकटी मात्र कापलेल्या कडेवर अंगठा दाबून उभी होती. अंगठा आत गेला.

"छान झालंय, पण हाताच्या उंचीला चालायचं नाही," ती म्हणाली. "पाव दिसला की माणूस दाबणार. दाबला की याचा चुरा होणार."

अशा कापांनीच भिंत मढवायची होती, तेव्हा तिने उपायही काढला. मऊ कापाचा रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात काथ्या घातलेलं कडक प्लास्टर ओतायचं. दिसायला हुबेहूब तेच, पण हातोडी मारली तरी टवका उडणार नाही. भिंतीचा खालचा भाग, खांद्याच्या उंचीपर्यंत, कडक. त्याच्या वर मऊ, जिथे हात पोचत नाही. ओलं असतानाच ती प्रत्येक कापाच्या पाठीवर खिळ्याने खूण करायची, कडकाला फुली आणि मऊला गोल, खाली तारीख. तिच्या प्रत्येक कामाच्या पाठीवर तिची खूण असते. वस्तादाची शिस्त.

डिझायनर बघायला आला. वरच्या कापावर भाळला. खालचा कडक काप दाबला आणि तोंड वाकडं केलं. "हा थंड लागतो, मावशी. दगड आहे हा. स्पर्श हीच तर आपली कन्सेप्ट आहे."

"स्पर्श पाहिजे असेल तर रोज नवा पाव आणून भिंतीला चिकटवा, साहेब."

तो हसला. पण तिने नकाशावर पेन्सिलीने खालच्या ओळीत फुल्या मारल्या, वर गोल काढले, आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने सही केली. दोन मार्च. मी बघितली आहे ती सही, दुकानाच्या पाटीसारखी मोठी.

दहा मार्चपर्यंत वरचा भाग चढला. मी एकदा डबा द्यायला गेले होते. त्या खोलीत गेलं की माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा, कारण ती भोकं आवाज पिऊन टाकत होती. सासू-सुनेची भांडणंसुद्धा तिथे कुजबुजीत चालली होती. मी आयुष्यात बहिणीला चांगलं म्हणायला फार काटकसर केली आहे. त्या दिवशी म्हटलं. ती म्हणाली, "डब्यात लोणचं दिलंयस ना?"

अकरा मार्चला तिची दाढ काढली. गाल सुजला म्हणून अकरा-बारा दोन्ही दिवस ती घरी होती. खालचे कडक काप दुकानात भिंतीला टेकून रांगेने उभे होते, फक्त चिकटवायचे राहिले होते. त्या दोन दिवसांत डिझायनरने ते उचलून मागच्या खोलीत ठेवायला लावले आणि सासू-सुनेकडून खाली मऊ काप लावून घेतले. जादा म्हणून केलेले पुष्कळ होते.

तेराला सकाळी धाकटी गेली. अंगठा टेकवताच तिला कळलं. उद्घाटन चार वाजता होतं.

"हे कुणी लावलं?"

सून रडकुंडीला आली. "साहेब म्हणाले मावशीला विचारलंय. फोनवर विचारलंय म्हणाले."

डिझायनर फुलांच्या कुंड्या मांडून घेत होता. "मावशी, टेन्शन घेऊ नका. लोक शहाणे असतात. कोण भिंत कुरतडणार आहे? चारला या, छानशी साडी नेसून, हसतमुख."

ती घरी येऊन मला हे सांगत होती, एका बाजूच्या गालाने, आणि मी चिडून म्हटलं, "मग तू दुकानाच्या मालकिणीला सांगितलं का नाहीस?"

"मालकासमोर भांडायचं नसतं, ताई. भांडायचं ते माल घमेल्यात असताना. भिंतीवर चढलं ते आपलं."

हेही वस्तादाचंच. मला त्या वस्तादाचा फार राग येतो. तो जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी येतो.

चारला आम्ही गेलो. लोक आले आणि पहिल्या माणसापासून प्रत्येकाने भिंत दाबली. लहानांनी दाबली, मोठ्यांनी दाबली. ज्यांनी हात मागे बांधले होते त्यांनीही कुणी बघत नाही असं पाहून दाबली. साडेपाचपर्यंत खालच्या ओळीत बोटांची भोकं झाली. सहाला पांढरा चुरा जमिनीवर होता, मग लोकांच्या बोटांवर, आणि बोटांवरून गडद निळ्या चादरींवर, जांभळ्या अभ्र्यांवर. एका वयस्कर गृहस्थांनी बोलता बोलता भिंतीला कोपर टेकवलं आणि ते दंडापर्यंत आत गेले. अर्धा मीटर भिंत त्यांच्या कोटावर आली.

मालकीण धावत आली. पन्नाशीची, कडक बाई. "हे काम कुणाचं आहे?"

डिझायनरने क्षणभरही विचार केला नाही. तळहात धाकटीकडे केला, पाहुण्याची ओळख करून द्यावी तसा. "प्लास्टर यांचं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. धाकटीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस निळं होतं.

"मटेरियलमध्ये काहीतरी कमी पडलं असणार," तो मालकिणीला सांगत होता. "या जुन्या कारागिरांचं असंच असतं. हात चांगला असतो, पण सिस्टीम नसते."

सिस्टीम नसते! एकेचाळीस प्रयोग, प्रत्येकाच्या पाठीवर खूण, आणि सिस्टीम नसते.

घरी आल्यावर मी तिला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "तुझ्या तोंडात काय दाढेबरोबर जीभही काढली का?" एवढं लिहिते. ती गालाला बर्फ लावून बसून राहिली. तिला राग येत नाही असं नाही, ती रागाला हातच लावत नाही, गरम तवा असल्यासारखा लांबून जाऊ देते. लहानपणापासून तिचा तवा मीच धरत आले आहे.

पंधराला पहिला फोन आला. एका शाळेच्या सभागृहाचं छत ठरलं होतं, मुकादम म्हणाला, "मावशी, सध्या राहू द्या." सोळाला दुसरा. हा जरा मोकळा बोलला, "ऐकलं ते खरं का? दाबलं की पडतं म्हणे? लोक तुम्हाला पाववाली म्हणायला लागलेत." आणि हसला. फोन स्पीकरवर होता. धाकटीही हसली, त्याच्या हसण्याला हसून द्यावं तेवढीच.

सतराला सून आली, एकटीच. दारातच उभी राहिली. तिला दुसऱ्या एका ठिकाणी आत्ताच नाही म्हणाले होते. कुठे काम केलंस, कुणाच्या हाताखाली, असं विचारलं, हिने सांगितलं, आणि मग नाही म्हणाले. "आत्याबाई म्हणतात मावशीला बोलू नको, त्यांना वाईट वाटेल. पण मावशी, आमचंही गेलं हो."

ती गेल्यावर धाकटीने दार लावलं. मग म्हणाली, "ताई, भिंतीवर चढलं ते आपलं असं वस्ताद म्हणायचे. पण ते एकटे काम करायचे."

योगायोगाने, किंवा माणसाला लाज नसते म्हणून, दुसऱ्या दिवशी डिझायनरच आला. पांढरे बूट तेच. या वेळी पाव आणला नव्हता. "मावशी, मालकिणीला भिंत दुरुस्त करून पाहिजे. तुम्ही करून टाका, शांतपणे. मी तुमच्याबद्दल कुठेही वाईट बोलणार नाही."

"करते," धाकटी म्हणाली. "दुकान उघडं असताना करणार. आणि मालकीणबाई समोर पाहिजेत."

"त्यांना कशाला त्रास?"

"मग दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी नव्हतं. त्या मिश्रणाचं गणित तिच्या डोक्यात आणि माझ्या वहीत, तिसरीकडे कुठेही नाही.

वीसला, सकाळी अकरा. मी गेले, कारण मला कुणी नको म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. चार-पाच गिऱ्हाइकं होती. धाकटीने कुणाला काही सांगितलं नाही. खालच्या ओळीतला एक फुटका काप पट्टीने अलगद उचकटला, उलटा केला आणि मालकिणीच्या हातात दिला. मागच्या खोलीतून सासूने एक कडक काप आणला, तोही दिला.

"दाबा," धाकटी म्हणाली.

मालकिणीने दोन्ही दाबले. एक हातात तुटला. दुसरा तिने आधी अंगठ्याने, मग काउंटरवर आपटून बघितला. काउंटरला पोचा पडला.

"पाठ बघा. गोल म्हणजे वर लावायचा, फुली म्हणजे खाली. हा नकाशा. ही यांची सही."

मालकिणीने नकाशा बघितला, भिंत बघितली, डिझायनरकडे बघितलं. "खाली गोल कसा आला?"

"तसं नाही, बेसिकली आपली कन्सेप्ट स्पर्शाची होती..."

"मी कसा आला विचारलं."

"एक निर्णय घेतला गेला."

"घेतला गेला!" मी म्हटलं. मला राहवलं नाही. "आपोआप फुगला का निर्णय, सोडा घालून?"

गिऱ्हाइकांपैकी एक बाई मोठ्याने हसली. मालकीण हसली नाही. धाकटीला म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंत? त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर... तुमचं काय नुकसान झालं असेल ते सांगा."

"नुकसान दोन फोनचं आहे," धाकटी म्हणाली. मग ती डिझायनरकडे वळली. चौपन्न वर्षांत तिने साइटवर कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं. "तुझा फोन काढ. हे दोन नंबर. माझ्यासमोर लाव, आणि खाली मऊ काप कुणी लावायला लावले ते सांग. या दोघींचंही सांग."

"मावशी, मी मेसेज करतो ना."

"फोन लाव."

त्याचे कान लाल झाले होते. त्याने पहिला लावला. "हॅलो... हां, ते चादरीच्या दुकानाचं... थोडा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नव्हे," धाकटी म्हणाली. "परत सांग."

"म्हणजे... मटेरियल बदललं होतं."

"कुणी?"

मालकीण हाताची घडी घालून उभी होती. "मी," तो म्हणाला. "मी बदललं. त्यांना न विचारता. त्या दोन बायकांना मी खोटं सांगितलं."

पलीकडचा शाळेचा मुकादम काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. धाकटीने हात पुढे केला, फोन घेतला, "सोमवारी साडेआठला पोचते, परांची बांधून ठेवा," म्हणाली आणि परत दिला. दुसऱ्याने उचलला नाही. तीनदा लावला, नाही उचलला. डिझायनर म्हणाला की तो नंतर नक्की लावेल. माणूस नक्की म्हणतो तेव्हा काय समजायचं ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी शिकवायला नको.

दुपारपर्यंत तिघींनी खालची ओळ लावली. गिऱ्हाइकं तरीही दाबतच होती. अंगठा दाबायची, आत जात नाही म्हणून चकित व्हायची, हसायची, आणि शेजारच्याला म्हणायची, तू दाबून बघ. मालकिणीला ते फार आवडलं. आणि जाता जाता मी ऐकलं, डिझायनर तिला सांगत होता, "बघा ना, मऊ दिसतं आणि कडक लागतं. हे सरप्राइज खूप स्ट्राँग आहे. हीच आपली कन्सेप्ट ठेवूया."

महिन्याभराने एका मासिकात त्या दुकानाचं पानभर छायाचित्र आलं. त्याचं नाव, त्याचा चेहरा आणि ते सरप्राइज, तिन्ही आलं. धाकटीचं नाव नव्हतं. मालकिणीने फोन करून वाईट वाटल्याचं कळवलं. धाकटी म्हणाली, फोटो चांगला आलाय, उजेड बरोबर पडलाय. मी ते पान फाडून चुलीत घालणार होते, पण आमच्याकडे आता चूल नाही.

शाळेचं छत मात्र परत मिळालं. ठरल्या सोमवारी ती सकाळी सव्वासातला डबा घेऊन निघाली. सासू-सून खाली रिक्षात भांडत वाट बघत होत्या. दारात मी तिला विचारलं, "तो दुसरा मुकादम? पाववाली म्हणणारा?"

"राहू दे ताई. कळेल त्याला कधीतरी."

"कोण कळवणार?"

"तू त्याला फोन करायचा नाहीस. शपथ आहे."

"मी शपथा पाळत नाही, तुला माहीत आहे," मी म्हटलं. ती जिना उतरली.

आठला मी फोन लावला. उचलला नाही. सव्वाआठला परत लावला, नाही. मी चहा केला, वही उघडली, सात जानेवारीचं पान काढलं आणि साडेआठला पुन्हा लावला. उचलला.

"कोण?"

"प्लास्टरवाल्या मावशीची थोरली बहीण बोलतेय," मी म्हटलं. "बसून घ्या. वेळ लागेल."